चार ओळींचा शोध आणि त्याखालची क्वेरी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जी लेखमाला चालू आहे, ती मी पहिल्या भागापासून वाचतो. मराठीत प्रोग्रॅमिंगविषयी इतक्या नेटकेपणाने लिहिणारे थोडेच, त्यामुळे मागच्या भागाविषयी तक्रार करताना संकोच वाटतो. त्या भागात जँगो या फ्रेमवर्कमध्ये (पायथन भाषेत वेबसाइट बांधण्यासाठीच्या तयार सांगाड्यात) ग्रंथालयातल्या पुस्तकांचा शोध ‘अवघ्या चार ओळींत’ कसा लिहावा हे दाखवले होते आणि शेवटी, आता विद्यार्थ्याला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याची भाषा, शिकण्याची गरज उरलेली नाही, असे विधान होते. त्या चार ओळींत शोधाच्या पानावरून आलेले सगळे रकाने, त्यांत काय काय आले आहे हे न पाहता, जसेच्या तसे फिल्टरमध्ये, म्हणजे नोंदी गाळणाऱ्या अटीत, ओतले आहेत. ओळी चालतात, मी त्या चालवून पाहिल्या. पण कुणी विद्यार्थी त्या उतरवून घेईल, प्रोजेक्ट म्हणून सादर करील आणि पुढे नोकरीत एखाद्या खऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर त्याच ओळी नेऊन ठेवील, या धास्तीने हे पत्र लिहीत आहे.

मी साताऱ्यात राहतो आणि गेली अठरा-एकोणीस वर्षे वेब ॲप्लिकेशने लिहितो. योगायोग असा की, त्यातली बरीच वर्षे ग्रंथालयांचीच सॉफ्टवेअरे लिहिण्यात गेली. अशा सॉफ्टवेअरमध्ये शोधाचे पान दिसायला साधे असते: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा, विषय, शाखा, प्रत उपलब्ध आहे की नाही, दाखलक्रमांक, असे नऊ रकाने. वाचक त्यातले हवे ते भरतो, बाकीचे मोकळे सोडतो. प्रत्येक रकाना भरलेला किंवा मोकळा असे धरले तरी 512 प्रकार होतात, आणि 512 क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, आधी लिहून ठेवणे कुणालाही शक्य नाही. म्हणून वाचकाने काय भरले आहे ते पाहून क्वेरी त्या क्षणी प्रोग्रॅमनेच रचावी लागते. लेखातल्या चार ओळी नेमके हेच करतात, आणि या कामात फ्रेमवर्क किती सोय करून देते हे सांगण्यात लेखकाची काहीही चूक नाही.

ही सोय आमच्याकडे नव्हती तेव्हा आम्ही काय करत होतो, हेही सांगायला हवे. एसक्यूएलचे तुकडे एकापुढे एक चिकटवून वाक्य तयार करत होतो आणि वाचकाने टाइप केलेला मजकूर त्या वाक्याच्या पोटात घालत होतो. वसईकडच्या एका ग्रंथालयाचे काम पहिल्या-पहिल्यांदा केले तेव्हा काही सभासदांची आडनावे शोधली की पान कोसळत असे. ती आडनावे इंग्रजीत लिहिताना ‘डी’ या अक्षरानंतर वर अपॉस्ट्रॉफी येते, म्हणजे डिसोझा किंवा डिसिल्वा. एसक्यूएलमध्ये मजकूर जिथे संपतो तिथे तेच चिन्ह येते, त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने नाव ‘डी’लाच संपले आणि उरलेले ‘सोझा’ हा आदेशाचा भाग झाला, जो त्याला समजेना. आम्ही यावर काढलेला उपाय आज सांगायची लाज वाटते: सभासदांच्याच आडनावांतले ते चिन्ह काढून टाकले. ज्या फटीतून एका सभ्य माणसाचे आडनाव बाहेर पडते त्याच फटीतून दुसऱ्या कुणालाही आत शिरून हवा तो आदेश देता येतो, हे त्या वेळी आमच्या गावीही नव्हते. वास्तविक ही युक्ती 1998 पासून उघडपणे लिहिली-वाचली जात होती.

जँगोसारख्या फ्रेमवर्कने हा प्रकार बराचसा संपवला. (आपल्या वाचकांना गंमत वाटेल म्हणून सांगतो: जँगोचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी निघणाऱ्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये ते लिहायला घेतले आणि 2005 च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.) त्यात प्रोग्रॅमर एसक्यूएल लिहीतच नाही. तो पुस्तकांच्या संचावर एकामागून एक अटी लावत जातो आणि निकालाची खरोखर गरज पडेपर्यंत डेटाबेसला काहीही विचारले जात नाही. गरज पडली की सगळ्या अटींचे मिळून एक एसक्यूएल वाक्य तयार होते. त्यात मूल्यांच्या जागी केवळ खुणा असतात आणि मूल्ये निराळी पाठवली जातात. त्यामुळे डिसोझा यांच्या नावात काय आहे याच्याशी वाक्याच्या रचनेचा संबंध राहत नाही.

मात्र हे संरक्षण मूल्यांपुरते आहे, आणि लेखात सुटलेला मुद्दा नेमका हाच आहे. एसक्यूएलच्या वाक्यात मूल्यांखेरीज कॉलमांची, म्हणजे डेटाबेसच्या टेबलातल्या रकान्यांची, नावे असतात, कशानुसार क्रम लावायचा ते असते, अटी ‘आणि’ने जोडायच्या की ‘किंवा’ने हे असते. यांपैकी कशाच्याही जागी खूण ठेवून मूल्य मागाहून पाठवता येत नाही; ते शब्द वाक्यातच लिहावे लागतात. म्हणजे वापरणाऱ्याकडून आलेला मजकूर त्या जागी पोहोचला तर पुन्हा चिकटवाचिकटवीच्या काळात आलो.

हे तर्काने मांडलेले भय नाही. ड्रुपल या वेबसाइट चालवणाऱ्या प्रसिद्ध प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत क्वेरी रचणारा थर अशा हल्ल्यांपासून बचाव करण्यासाठीच होता. यादीतल्या मूल्यांना खुणा देताना त्या थराने खुणांची नावे यादीच्या ‘की’वरून (प्रत्येक मूल्याला लावलेल्या नावावरून) बनवली, आणि ती ‘की’ फॉर्ममधून हवी तशी पाठवता येत होती. 15 ऑक्टोबर 2014 रोजी दोष जाहीर झाला. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाला असे निवेदन काढावे लागले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असे समजूनच पुढची पावले उचलावीत. जँगोही यातून सुटलेले नाही. 2021 च्या जुलैमध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत असाच दोष सापडला. 2025 च्या नोव्हेंबरमधला दोष तर आपल्या लेखातल्या ओळींना थेट भिडतो. अटी ‘आणि’ने जोडायच्या की ‘किंवा’ने हे सांगणारा ‘कनेक्टर’ नावाचा आतला एक शब्द असतो. वापरणाऱ्याकडून आलेली संपूर्ण डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) जर कुणी फिल्टरमध्ये उलगडून दिली, तर त्या शब्दाच्या जागी बाहेरचा माणूस आपले एसक्यूएल घुसवू शकत होता. 5.2.8, 5.1.14 आणि 4.2.26 या आवृत्त्यांत तो दोष दुरुस्त झाला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र एकदा बसवलेली आवृत्ती वर्षानुवर्षे तशीच असते, हे आपण सर्व जाणतो.

समजा, आवृत्ती ताजी आहे आणि एसक्यूएल घुसवता येत नाही. तरीही त्या चार ओळी सुरक्षित नाहीत. जँगोमध्ये दोन अंडरस्कोर देऊन एका टेबलातून दुसऱ्या टेबलात जाता येते: पुस्तकावरून प्रतीवर, प्रतीवरून देवघेवीच्या नोंदीवर, नोंदीवरून सभासदावर, सभासदावरून त्याच्या मोबाइल क्रमांकावर. त्यापुढे ‘याने सुरुवात होते’ अशी अटही जोडता येते. आता एखाद्या माणसाने ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पुस्तकाचे नाव लिहिले आणि त्याशेजारी, हे पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याचा मोबाइल क्रमांक 9 ने सुरू होतो, एवढी अट हाताने जोडली, तर पानावर पुस्तक तरी दिसेल किंवा ‘एकही नोंद नाही’ हे तरी दिसेल. दिसले तर पहिला अंक कळला. मग 90, 91, 92 असे करत दुसरा. एका अंकाला फार तर दहा प्रयत्न, म्हणजे शंभर प्रयत्नांच्या आत एका अनोळखी सभासदाचा दहा अंकी क्रमांक हाती लागतो. पानावर मोबाइल क्रमांकाचा रकाना नाही, क्रमांक कुठे छापलेला नाही, एसक्यूएलला कुणी धक्का लावलेला नाही, आणि तरी क्रमांक बाहेर गेला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशा गळतीचे उत्तर ग्रंथालयालाच द्यावे लागेल. त्या चार ओळी छापणाऱ्याला कुणी विचारणार नाही.

उपाय अवघड नाही. प्रोग्रॅममध्ये एक छोटी यादी ठेवावी: पानावरचा ‘लेखक’ हा रकाना आला तर अमुक अट, ‘वर्ष’ आला तर तमुक अट. यादीत नसलेले जे काही येईल ते टाकून द्यावे. क्रम लावण्यासाठीही तसेच करावे. नाव, वर्ष आणि दाखलक्रमांक यांपैकी एक, चौथे काही नाही. कॉलमचे नाव कधीही बाहेरून येऊ देऊ नये, ते आपल्या यादीतूनच जावे. चार ओळींच्या जागी पंधरा-वीस होतात, एवढेच.

परंतु ही यादी लिहिताना आणखी एक खड्डा लागतो, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. यादी आली की तिच्यावर लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना, येतो, आणि लूपमध्ये साहजिकच प्रत्येक भरलेल्या रकान्यासाठी एकेक फिल्टर मागच्या फिल्टरला जोडला जातो. आमच्या एका ग्रंथालयाच्या सातारा आणि कऱ्हाड अशा दोन शाखा होत्या. एका वाचकाने शाखा सातारा आणि उपलब्ध प्रत असे दोन रकाने भरून पुस्तक शोधले, ते पानावर दिसले, म्हणून ते गृहस्थ कोरेगावहून एसटीने साताऱ्याला आले. पुस्तक नव्हते. साताऱ्यातली प्रत महिनाभरापासून कुणा सभासदाकडे होती. फडताळात उभी होती ती कऱ्हाडची प्रत. ग्रंथपालांनी मला फोन केला तेव्हा मी प्रथम त्यांच्याच नोंदीत चूक असणार असे ठासून सांगितले.

चूक क्वेरीत होती. एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात, आणि अशा नात्यावर दोन निराळे फिल्टर एकापुढे एक लावले की जँगो प्रतींचे टेबल दोनदा जोडते. त्याचा अर्थ होतो: ज्याची एखादी प्रत साताऱ्यात आहे आणि ज्याची एखादी प्रत उपलब्ध आहे असे पुस्तक. त्या दोन प्रती एकच असल्या पाहिजेत असे त्या वाक्यात कुठेही म्हटलेले नसते. याच दोन अटी एकाच फिल्टरच्या कंसात दिल्या तर टेबल एकदाच जोडले जाते आणि अर्थ होतो: ज्याची साताऱ्यातली प्रत उपलब्ध आहे असे पुस्तक. पायथनमध्ये वाचताना दोन्ही रचना सारख्याच अर्थाच्या वाटतात. हे वर्तन जँगोच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेले आहे, तेव्हा फ्रेमवर्कला बोल लावता येत नाही. आमच्या चाचणीच्या डेटात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती, म्हणून कित्येक महिने हे लक्षात आले नाही. मी तयार झालेले एसक्यूएल छापून पाहिले तेव्हा प्रतींचे टेबल दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा जोडलेले दिसले आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. प्रतीसंबंधीच्या सर्व अटी आधी ‘क्यू’ या जँगोच्या अटी साठवणाऱ्या वस्तूत एकत्र करायच्या आणि त्या एकदाच फिल्टरला द्यायच्या, असे आम्ही त्या दिवसापासून ठरवले. इथे न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की, आपल्या लेखातल्या चार ओळी या बाबतीत बरोबर उत्तर देतात, कारण त्या सगळ्या अटी एकाच कंसात ओततात. पण विद्यार्थ्याला ते उत्तर बरोबर का आले हे कळलेले नसते, आणि सुरक्षिततेसाठी तो जेव्हा त्या ओळींचा लूप करील तेव्हा बरोबर उत्तर हातचे जाईल.

आता कऱ्हाडचे नाव निघालेच आहे, तर ‘किंवा’ने जोडलेल्या क्वेरीचाही अनुभव सांगतो. गावाचे नाव कुणी कराड लिहितो, कुणी कऱ्हाड. कऱ्हाडमधला तो आडवा रफार संगणकात दोन प्रकारे टाइप होतो, एकदा टिंबवाल्या र या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण नेहमीच्या तुलनेत डेटाबेस त्यांना निराळे शब्द समजतो. खरे तर नोंद साठवतानाच एक रूप ठरवून घ्यावे. परंतु आमच्याकडच्या जुन्या नोंदी अनेक हातांनी भरलेल्या होत्या. म्हणून आम्ही शब्दाची संभाव्य रूपे काढून रिकाम्या ‘क्यू’पासून सुरुवात करत होतो आणि एकेक रूप ‘किंवा’ने जोडत होतो. शोध उत्तम चालला. तेव्हा त्याच धर्तीवर मी दुसरीकडे, निवडलेल्या शाखांच्या सभासदांना एसएमएस पाठवण्याची सोय लिहिली. एका सकाळी कार्यालयातल्या कुणीतरी एकही शाखा न निवडता बटण दाबले. लूप एकदाही फिरला नाही, ‘क्यू’ रिकामाच राहिला, आणि रिकामी अट म्हणजे कोणतीही अट नाही, या न्यायाने ‘आपल्या शाखेत उद्या सुट्टी आहे’ हा निरोप सगळ्या शाखांच्या सगळ्या सभासदांना गेला. गंमत अशी की, ‘शाखा या यादीपैकी आहे’ अशी एकच अट लिहिली असती आणि यादी रिकामी असती, तर जँगोने डेटाबेसकडे न जाताच शून्य सभासद परत दिले असते. बोलताना आपण ज्या दोन गोष्टींना एकच समजतो त्यांतली एक शून्य माणसे देते आणि दुसरी सगळी. सुट्टीच्या निरोपावर निभावले. त्या जागी नोंदी पुसण्याचा आदेश असता तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो.

पुस्तकांच्या यादीपुढे लेखकाचे नाव दाखवताना पन्नास पुस्तकांसाठी एक्कावन्न क्वेऱ्या (यादीसाठी एक आणि प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी एकेक) जातात, ही गोष्ट आता बहुतेक शिकवणीवर्गांतही सांगितली जाते, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. तीही एसक्यूएल पाहिल्याखेरीज कळत नाही, एवढेच म्हणतो.

या सगळ्यात एसक्यूएल कुठेही मागे पडलेले नाही. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या विचारावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये ती भाषा रचली, तिची पहिली मांडणी 1974 मध्ये झाली आणि पन्नास वर्षांनंतरही जँगो, रेल्स, लाराव्हेल या फ्रेमवर्कांनी रचलेल्या अटी अखेर तिच्यातच उतरतात. फ्रेमवर्कने आपल्या वतीने काय लिहिले हे वाचता आले पाहिजे, आणि त्यासाठी साधनेही हाताशी आहेत. कोणत्याही संचाची क्वेरी छापून पाहता येते (तिच्यात मूल्यांभोवती अवतरणचिन्हे नीट नसतात, म्हणून ती तशीच डेटाबेसमध्ये चालवू नये, वाचण्यापुरती वापरावी). डीबग (चुका शोधण्याची सोय) चालू असताना प्रत्यक्ष गेलेल्या सर्व क्वेऱ्यांची यादी मिळते, आणि जँगोच्या 2.1 आवृत्तीपासून डेटाबेस ती क्वेरी कशी पार पाडणार आहे हेही एका शब्दात विचारता येते.

आपल्याकडे बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला डेटाबेसचा विषय एका सत्रात असतो आणि वेब फ्रेमवर्कचा दुसऱ्या सत्रात, बहुधा दुसऱ्या शिक्षकांकडे. दोन्ही जर्नले स्वतंत्रपणे तपासली जातात, आणि फ्रेमवर्कच्या जर्नलात लिहिलेल्या फिल्टरचे डेटाबेसच्या जर्नलातले वाक्य कोणते, हे तोंडी परीक्षेत विचारलेले मी तरी पाहिलेले नाही. मी मुलाखती घेतो तेव्हा हा एकच प्रश्न विचारतो. उमेदवाराला दोन फिल्टर कागदावर लिहून देतो आणि त्यांचे एसक्यूएल खाली लिहायला सांगतो. वेगवेगळ्या फ्रेमवर्कची नावे धडाधड सांगणारी मुलेही तिथे थबकतात. जोड एकदा होईल की दोनदा, यावर तर बहुतेकांनी कधी विचारच केलेला नसतो.

लेखमालेच्या पुढच्या भागात त्या चार ओळींची दुरुस्त आवृत्ती छापावी, रकान्यांची यादी त्यात असावी आणि प्रत्येक फिल्टरखाली त्यातून निघणारे एसक्यूएल द्यावे, एवढी विनंती आहे. जागेची अडचण असेल तर शोधाचे रकाने नवावरून तीनवर आणले तरी चालतील. मात्र शाखा आणि उपलब्धता हे दोन त्यांत जरूर ठेवावेत.

आपला नम्र,
एक संगणक-व्यावसायिक वाचक,
सातारा